खरवडलेला डोळा

भावसिंगनं सांगितलं, उजाडलं. भुरीबाई ऐकून न ऐकल्यासारखी उठली, भिंतीला हात लावत दाराबाहेर गेली आणि दोन खोल्यांमधल्या कमरेएवढ्या भिंतीपाशी उभी राहून शेजारणीला म्हणाली, "इंदुताई, उजाडलं काय वो?" आतून इंदुताईंनी सांगितलं, हो, उजाडलं की केव्हाच. तेव्हा कुठं भुरीबाईनं मडक्यातलं पाणी घेतलं आणि तोंड धुतलं. झालं ते एवढंच. भांडण नाही, आदळआपट नाही. भावसिंग उंबऱ्यावर बसून दंतमंजन लावत होता आणि त्याचं बोट दाढेपाशी तसंच थांबलं. शब्द एकच होता. त्यानं म्हटलं उजाडलं, इंदुताईंनी म्हटलं उजाडलं. पण त्याच्या तोंडून निघाला तेव्हा तो शब्द खोलीतल्या अंधारात कुठंतरी पडून राहिला, आणि तोच भिंतीपलीकडून आला तेव्हा त्याच्यामागोमाग सूर्य आला. मंजनाची तुरट चव जिभेवर बसली ती चूळ भरूनही गेली नाही. त्याला वाटलं, आपण या बाईशी लग्न करून इतकी वर्षं झाली, आणि आज हिनं आपल्याला दुसऱ्या काट्यावर तोलून पाहिलं.

खरं सांगायचं तर तोलून पाहण्यासारखा माणूस होताच तो. अख्ख्या जिल्ह्यात भावसिंगच्या शब्दावर कोणी छत्रीसुद्धा उघडली नसती. तरुणपणी तो बंजाऱ्यांचा तांडा सोडून एका फिरत्या टुरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर झाला. बैलगाडीवर मशीन, गाडीवर तंबू, आज या बाजाराला तर उद्या त्या जत्रेला. बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहिलं, यानं सिनेमा वाहिला, एवढाच फरक. आणि परत आला की गोष्टी. ढाणकीच्या बाजारात वावटळीनं तंबू उचलला, पण खेळ असा रंगात आला होता की लोक सतरंजीची टोकं धरून बसून राहिले, आणि मध्यंतराला विडी ओढायला बाहेर येऊन पाहतात तर पैनगंगेपल्याड, निजामाच्या मुलखात. मुकुटबनकडं एक वाघ रोज खेळाला यायचा आणि पडद्याच्या मागच्या बाजूला बसायचा. तिथून चित्र उलटं दिसतं, म्हणून त्याला प्रत्येक नायक डावखुरा वाटायचा, आणि तेव्हापासून त्या वाघानं त्या रानात डावखुऱ्या माणसाला कधी हात लावला नाही. भुरीबाई तेव्हा काचळीवर, म्हणजे आपल्या चोळीवर, आरसे टाचत बसलेली असायची. सुई न थांबवता ती डोळे वर करायची, त्याच्या तोंडाकडं बघायची, मग दारातून दिसणाऱ्या गोठ्याकडं, चुलीकडं, मग पुन्हा त्याच्याकडं. आणि हसायची. त्या वर केलेल्या डोळ्यांसाठी तो नवा वाघ शोधून आणायचा.

ते डोळे गेले ते एकदम गेले नाहीत. जुन्या चित्रांमध्ये प्रसंग संपताना पडदा चारी कडांनी काळा होत जातो, मध्ये एक गोल उरतो, गोलात नायिकेचं तोंड, मग तेही मिटतं, तसं झालं. आधी तिला कडेचं दिसेना. ताटाच्या बाजूला ठेवलेला तांब्या ती पाडू लागली. मग दारातून आत येणारा माणूस एकदम समोर उगवल्यासारखा दिसे. दवाखान्यातल्या डॉक्टरनं बत्ती डोळ्यात घालून बघितलं आणि भावसिंगला बाहेर बोलावून सांगितलं की मोतीबिंदू असता तर काढला असता, हा काचबिंदू, आतली नसच वाळली, आता कोणाच्या हातात काही नाही. भावसिंगनं परत येऊन तिला हे जसंच्या तसं सांगितलं. आयुष्यात त्यानं एक गोष्ट तिखटमीठ न लावता सांगितली ती ही. भुरीबाईनं बाकावरूनच तिथल्या नर्सबाईंना हाक मारून विचारलं की डॉक्टर काय म्हणले जी. तेव्हा ते त्याला लागलं नव्हतं. वाटलं, बाई घाबरली, दोनदा विचारते.

आता कोणी म्हणेल, आंधळ्या माणसाला उजाडल्याचं कळायला नवऱ्याचा शब्द कशाला लागतो? तांड्यात लागला नसता. बोरी अरबच्या पुढच्या त्या तांड्यात गाई हंबरत, मोर ओरडत, पहाटेचा वारा नाल्याकडून येई आणि ऊन चढलं की फिरून जाई. पण टुरिंग बंद पडलं, भावसिंगला यवतमाळच्या एका टाकीत, म्हणजे पक्क्या टॉकीजमध्ये, रिळं गुंडाळायचं काम लागलं, आणि त्यानं तिला आणून ठेवलं कापसाच्या जिनाला लागून असलेल्या या खोलीत. उत्तरेकडं तोंड, वर कौलं, ऊन म्हणून आत येत नाही. दिवाळीनंतर जिन सुरू झाला की दोन्ही पाळ्यांत चाले. दिवसा जी घरघर तीच रात्री, तीच माणसांची ओरड, तोच गाड्यांचा खडखडाट. जिनाच्या खांबावर मोठा बल्ब होता, तो संध्याकाळी लागे आणि सकाळी विझे, आणि त्या बल्बपायी गल्लीतले कोंबडेसुद्धा बिघडले होते, मनाला येईल तेव्हा आरवत. भुरीबाई म्हणायची की या गावाले दिवसच नाई. रोज दिवेलागणीला तिला देवापुढं दिवा लावायचा असे, तेवढं एक काम तिनं कोणाला दिलं नव्हतं. आणि दिवा लावायचा तर संध्याकाळ खरी हवी. ऊन डोक्यावर असताना ती निरांजन ओवाळत बसली आणि शेजारपाजार बघतोय, या विचारानंच तिच्या अंगावर काटा येई.

त्या सकाळी टाकीवर जाण्याआधी भावसिंगनं तिला विचारलं. घरात ती दोघं गोरबोलीत बोलत, आईच्या दुधातली बंजारा भाषा. वऱ्हाडी बाजारात, दुकानदाराशी, परक्याशी. त्यानं गोरबोलीतच विचारलं की माझ्यावर इतकाही भरवसा नाही का. भुरीबाई तांदूळ निवडत होती. बोटांनी खडा शोधून तिनं बाजूला टाकला, आणि उत्तर दिलं ते वऱ्हाडीत दिलं, जसं एखाद्या भल्या दुकानदाराला द्यावं.

"डोये होते तवर तुमचं खोटं पाह्यत पाह्यत आयकू मी. इकडं तुमचा वाघ, तिकडं माही चूल. चूल दिसे म्हणून वाघ गोड लागे. आता चूलबी तुमच्याच तोंडातून येते. मंग म्या कायवर उभं राहून आयकाव?"

त्यानं पायताण चढवलं. तिच्या आवाजात राग असता तर तो काहीतरी बोलला असता, रागाला गंमत करून उत्तर देता येतं. टाकीवर जाताना आणि अंधाऱ्या खोलीत रिळ गुंडाळताना, बोटांमधून फिल्मची कड सरसरत जात असताना, तो त्या वाक्याभोवती फिरत राहिला. कधी तिला फसवलं नव्हतं त्यानं. एक पैशाची थाप कधी कामासाठी मारली नव्हती, सगळ्या निव्वळ खुशीच्या. आणि आता त्या सगळ्या खुशीच्या थापा एकावर एक रचल्या जाऊन तिच्या नि त्याच्या मध्ये भिंत झाली होती, इंदुताईंच्या भिंतीपेक्षा उंच. त्याच आठवड्यात इंदुताईंनी सांगितलं की आमच्या यजमानांची वणीला बदली झाली, पौषात निघायचं. भुरीबाईनं भिंतीवरचा हात काढून घेतला. भावसिंगच्या मनात मात्र आधी एक आनंदाची उकळी आली, की आता ही कोणाला विचारणार, मलाच ना. आणि लगेच त्या आनंदाची त्याला शिसारी आली, कारण विचारणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ती न विचारताच बसून राहील. दिवा लावायचं सोडून देईल. त्याच्या उजेडात राहण्यापेक्षा तिला अंधार परवडेल.

उजेड ऐकू येतो, हे गावात फक्त सिनेमाच्या ऑपरेटरला ठाऊक असतं. फिल्मच्या कडेला एक बारीक पट्टी असते, करवतीच्या दात्यांसारखी. तिच्या एका बाजूला छोटा दिवा, दुसऱ्या बाजूला काचेचा सेल. दिव्याचा उजेड त्या दात्यांतून तुटत तुटत सेलवर पडतो आणि भोंग्यातून गाणं येतं. नायिकेचा हुंदका म्हणजे दुसरं काही नाही, तुटलेला उजेड. खेळाआधी आवाज चालू आहे का बघायला ऑपरेटर त्या दिव्यापुढं नुसती बोटं हलवतो. भोंगा घर्र घर्र करतो, पब्लिक टाळ्या वाजवतं. भावसिंगनं आयुष्यभर अशी बोटं हलवली होती. रिळ गुंडाळता गुंडाळता त्याच्या मनात आलं, की असा एक सेल तिच्या हातात दिला तर. त्यात माझी जीभ नाही. तो थाप मारणार नाही. त्याला वाघ माहीत नाही.

सिनेमाचा सेल मिळण्यातला नव्हता. म्हणून तो बसस्टँडजवळच्या किसनरावांच्या रेडिओ दुकानात गेला. किसनरावांनी त्याला पाहताच म्हटलं, या वाघवाले, आज काय आणलं? भावसिंगनं आपलं काम सांगितलं तेव्हा किसनरावांनी कानामागची पेन्सिल काढली, एका डबीतून तुरीच्या दाण्याएवढी काळी वस्तू काढली, तीन बारीक तारा पाय सोडून बसलेली, आणि सांगितलं की हा ट्रान्झिस्टर, आत काच आहे, काचेवर काळा रंग दिला आहे आणि तो उगीच दिलेला नाही. रंग उडाला की याला उजेड बाधतो. एका गिऱ्हाइकाचा रेडिओ घरात नीट वाजे आणि दुकानात दिव्याखाली आणला की गुरगुरे. उघडून पाहतो तर एवढासा रंगाचा टवका निघालेला. भावसिंग त्यांच्याकडं बघत राहिला. रंग खरवडला की आंधळ्याला दिसायला लागतं, ही गोष्ट त्यानं स्वतः सांगितली असती तर तांड्यानं त्याला हुसकून लावलं असतं. एका थापाड्यानं दुसऱ्याकडं जसं आदरानं बघावं तसं तो बघत होता. किसनरावांनी ते ओळखलं. म्हणाले, "भावसिंग, हे तुया वाघावाणी नाई. खरवडून पाह्य, मंग बोल."

खरवडायला अर्धं ब्लेड घेतलं. डाव्या चिमटीत तो दाणा आणि उजव्या हातात पातं. काळा रंग भुसा होऊन निघत होता, कोळशाच्या पुडीसारखा तळव्यावर पडत होता. खाली काच लागली, काचेत दुधाळ असं काही, आणि त्या दुधात एक ठिपका. त्याला दवाखान्यातली ती बत्ती आठवली. डॉक्टरनं बत्ती घातली तेव्हा भुरीबाईच्या डोळ्यात असंच दुधाळ काही दिसलं होतं त्याला, किंवा दिसल्यासारखं वाटलं होतं, आणि तेव्हा त्याच्या मनात एक वेडा विचार येऊन गेला होता की हे खरवडता आलं असतं तर. पातं एकदा सटकलं. अंगठ्यातून रक्त आलं, पण काच शाबूत होती. दंतमंजनाच्या रिकाम्या डब्याला भोक पाडून त्यानं तो डोळा भोकाशी बसवला, आत बॅटरी, बाहेर मिलिटरीतला जुना हेडफोन. किसनरावांनी डाख लावायची कांब तापवता तापवता विचारलं, जोडणी कशी पाहिजे. भावसिंगनं ऐटीत सांगितलं, टाकीसारखी. किसनराव म्हणाले, तू ऑपरेटर आहेस, तुला ठाऊक. आणि त्यांनी मध्ये एक कंडेन्सर घालून टाकीसारखी जोडणी करून दिली. दुकानातल्या बल्बखाली डबा धरला तेव्हा हेडफोनमध्ये गुंगुंगुं असा आवाज आला, एकसारखा, खालच्या पट्टीतला, दुरून मधमाश्यांचं मोहोळ यावं तसा. डब्याच्या भोकावर बोट ठेवलं की बंद. बोट काढलं की सुरू. भावसिंगचे डोळे भरून आले आणि ते किसनरावांना दिसू नयेत म्हणून तो बराच वेळ त्या डब्यात डोकं घालून बसला.

संध्याकाळी इंदुताईंच्या ओसरीवर, त्यांच्या बल्बखाली, त्यानं हेडफोन भुरीबाईच्या कानाला लावला. तिनं मान तिरपी केली. कपाळावर एक आठी आली आणि हळूहळू गेली. तिनं विचारलं, हे काय वाजते. इंदुताई म्हणाल्या, उजेड आहे तो, भुरीबाई, आमचा बल्ब. भुरीबाईनं हात पुढं करून डबा स्वतःकडं घेतला, बल्बाकडं केला, दुसरीकडं फिरवला, पुन्हा बल्बाकडं केला. प्रत्येक वेळी तिचं तोंड डब्यामागून फिरत होतं, जसं पूर्वी त्याच्या गोष्टींमागून फिरायचं. आत येताना तिनं भिंतीऐवजी त्याचा दंड धरला, आणि जेवताना गोरबोलीत म्हणाली की मीठ कमी झालं का. भावसिंगनं सांगितलं, नाही, बरोबर आहे. ती मान हलवून जेवत राहिली. त्यानं सांगितलेलं मीठ तिनं कोणाला विचारलं नाही. त्यानं तो घास सावकाश चावून खाल्ला. असा सुखाचा घास त्यानंतर त्याच्या वाट्याला आला नाही, हे मी आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कोणी आस लावून बसायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मोठ्या डौलात तिला अंगणाच्या टोकाशी नेलं, जिथं थंडीचं कोवळं, गारठ्यात ऊब न लागणारं ऊन पडतं तिथं बसवलं, डबा सरळ सूर्याकडं केला आणि हेडफोन लावला. भुरीबाई ऐकत राहिली. मग म्हणाली, काही नाही. त्यानं हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. काही नाही. बॅटरी बघितली, तार हलवली, भोक फुंकलं. समोर सूर्य जिनाच्या चिमणीवर लखलखीत चढला होता, त्याच्या स्वतःच्या डोळ्यांना पाणी येत होतं, आणि यंत्रात मध्यरात्र होती. मग त्याला दुकानातलं आपलं बोलणं आठवलं. टाकीसारखी. त्यानंच सांगितलं होतं, टाकीसारखी. टाकीतल्या सेलला स्थिर उजेड नकोच असतो. कंडेन्सर तेवढ्यासाठीच घालतात, की थांबलेला उजेड अडावा आणि तुटणारा तेवढा पुढं जावा. बल्ब विजेवर चालतो, वीज थरथरते, तिच्याबरोबर बल्बही डोळ्याला न दिसेल असा थरथरतो, म्हणून तो वाजला. सूर्य थरथरत नाही. सूर्याला कोणी चालवत नाही. दुसऱ्या कोणी ही जोडणी केली असती तर साधी, अडाणी केली असती आणि तिनं निदान ऊन अडवलं नसतं. आयुष्यभर भोंग्यापाशी उभं राहिलेल्या माणसालाच ही चूक करता येत होती.

घाबरून त्यानं ते केलं जे हाताला सवयीचं होतं. हेडफोन पुन्हा तिच्या कानाला लावून डब्यापुढं बोटं हलवली. हेडफोनमध्ये घर्र घर्र झालं. आयक, तो म्हणाला, हा सूर्य आहे. भुरीबाईनं हात पुढं करून हवेत चाचपलं आणि त्याची हलती बोटं तिच्या मुठीत सापडली. तिनं ती धरून ठेवली. आवाज थांबला. तिनं सोडली, तो हलवेना, आवाज नाही. ती म्हणाली, "वाजते ते तुमी वाजवता." एवढंच. त्याला सांगायचं होतं की बोटं नुसती उजेड तोडतात, आवाज उजेडाचाच असतो, अंधारात शंभर वेळा हलवली तरी काही वाजणार नाही. पण हे सगळं त्याच्या तोंडून जायचं होतं. सूर्य तिच्यापर्यंत जायचा तर मध्ये त्याचा हात लागत होता, आणि त्याचा हात लागला की तो सूर्य राहत नव्हता.

एवढ्यात हेडफोनमध्ये आपोआप चट चट असं काहीतरी वाजलं. भुरीबाई दचकली. भावसिंगनं बघितलं, तिनं डबा छातीशी धरला होता, भोक स्वतःकडं वळवून, आणि अंगात ती जुनी काचळी होती, तिनंच टाचलेल्या आरशांची. ऊन आरशांवर पडलं होतं. ती श्वास घेई तशी उजेडाची चिमणी पाखरं डब्यावर, तिच्या हनुवटीवर, मागच्या भिंतीवर उडत होती, आणि एखादं पाखरू भोकात शिरलं की हेडफोनमध्ये चट करून वाजे. त्यानं असं काही कुठल्या पडद्यावर बघितलं नव्हतं. हे काय वाजलं, तिनं विचारलं. त्यानं सांगितलं की ते तुझे आरसे आहेत, तू श्वास घेतेस ते वाजतं. भुरीबाई कित्येक महिन्यांनी हसली. अगदी पूर्वीसारखी, मान मागं टाकून. तिला वाटलं, जुना भावसिंग परत आला, नवा वाघ घेऊन. जन्मभर सांगितलेल्या सगळ्यांत हेच तेवढं खरं होतं, आणि त्यालाच ती सगळ्यांत मोठी थाप समजून हसत होती. हसून झाल्यावर तिनं भिंतीकडं तोंड करून विचारलं, इंदुताई, ऊन हाय काय जी? इंदुताई म्हणाल्या, हो, छान पडलंय. भुरीबाईनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि डब्यावर मायेनं हात फिरवत ती म्हणाली, "यंत्र तुमच्यावरच गेलं जी."

तो किसनरावांकडं गेला. त्यांनी सांगितलं, कंडेन्सर काढू, पण मग आवाज होणार नाही, काटा लावावा लागेल, उजेड पडला की काटा सरकेल. भावसिंगनं विचारलं, काटा बघणार कोण? किसनराव थोडे हसले आणि मग त्यांचं तोंड उतरलं. म्हणाले, आवाजच पाहिजे तर आणखी ट्रान्झिस्टर लागतील, आणखी मोठी जोडणी, मला ती येत नाही, तुला तर नाहीच नाही. मग भावसिंगनं जत्रेतल्या पोरांचं असतं तसं पत्र्याचं भिरभिरं करून डब्यापुढं बसवलं, की वाऱ्यानं ते फिरावं आणि ऊन आपसूक तुटावं, कोणाचा हात न लागता. वारा असला की यंत्र मांजरासारखं गुरगुरे. पण थंडीतला वारा दहाच्या पुढं पडतो. वारा पडला की दिवस मावळे. झुळूक आली की उजाडे. एका सकाळीत चार दिवस आणि चार रात्री झाल्या, तेव्हा भुरीबाईनं हात लावून ते भिरभिरं ओळखलं आणि काढून ठेवलं, पोराच्या हातून खेळणं काढून घ्यावं इतक्या हळू.

इंदुताई गेल्या. जाताना भुरीबाईला जवळ घेऊन रडल्या आणि भावसिंगला म्हणाल्या की भाऊ, आता तुम्हीच. त्यांच्या खोलीत कुलूप आलं. भावसिंगनं ठरवलं की आता एकही शब्द वावगा बोलायचा नाही. सकाळी तो म्हणे, उजाडलं. संध्याकाळी म्हणे, मावळलं, दिवा लाव. तलाठ्यासारखा बोलू लागला, कोरडं, नेमकं. आणि भुरीबाई प्रत्येक वेळी हेडफोन कानाला लावी. सकाळी तो म्हणे उजाडलं, तोवर खांबावरचा बल्ब विझलेला असे, यंत्र मुकं, म्हणजे तिच्या हिशेबानं रात्र. संध्याकाळी तो म्हणे अंधार पडला, तेव्हा खांबावरचा बल्ब खिडकीतून आत येई आणि यंत्र गुणगुणू लागे. तो खरं बोलला की यंत्र उलट बोले. न चुकता, रोज, दोन्ही वेळा. भुरीबाई दोघांचं ऐकून घेई, एखाद्या घरात बाप आणि मुलगा भांडतात तेव्हा बाई जशी दोघांपुढं ताट ठेवते आणि बोलत नाही, तशी. आणि तिनं हळूहळू मध्ये पडायचं सोडलं. तोंड केव्हाही धुई, किंवा धूत नसे. देवापुढचं निरांजन दोनदा लावलं असेल, मग वात वाळून गेली. भूक लागली का विचारलं की म्हणे, आत्ता काय आहे? आणि उत्तराची वाट बघत नसे. तिच्या भोवतीचा काळ शिजून शिजून एकजीव झाला होता, त्यात कण लागत नव्हता. भावसिंग कामावरून येऊन तिच्यासमोर बसे आणि त्याला वाटे, आपण एका रिकाम्या तंबूत खेळ लावून बसलोय.

असाच एक दिवस, आभाळ भरून आलेलं, कौलांखाली गारठा. टाकीला सुट्टी होती. जेवणं होऊन गेली होती. उघड्या दारातून पांढरा, सपाट, न हलणारा उजेड फरशीवर पडला होता, आणि जिनाचा पट्टा तुटल्यामुळं पलीकडची घरघरही थांबली होती. भुरीबाई भिंतीला टेकून बसली होती, डबा मांडीवर, हेडफोन कानाला. किती वेळ ती अशी बसली होती कोण जाणे. तिची ती सरळ पाठ, कशाची तरी वाट बघत असल्यासारखी, आणि वाट बघण्यासारखं काही नाही. भावसिंगच्या मनात काही ठरलेलं नव्हतं. थकवा होता. आणि त्या थकव्याच्या तळातून, सवयीनं, जुनी जीभ वळवळली. "रात झाली वं," तो म्हणाला.

भुरीबाईचं तोंड त्याच्याकडं वळलं. हेडफोन दाबून धरत तिनं ऐकलं, काही वाजत नव्हतं. तिच्या कपाळावरची इतक्या दिवसांची आठी त्याच्या डोळ्यांदेखत उकलत गेली.

"तुमी म्हनता रात, यंत्रबी म्हनते रात," ती म्हणाली. "दोन लबाड येकच सांगू राह्यले, म्हंजे खरंच असन."

आणि तिनं एक दीर्घ श्वास सोडला, ओझं उतरवलेल्या बैलासारखा. हेडफोन काढला. डबा उशाशी ठेवला. चाचपत वाकळ ओढली, झटकली, पसरली, पायांची जोडवी घासत नीट पडून घेतलं. आज किती दिवसांनी ती बेतानं, वेळ झाली म्हणून झोपत होती. भावसिंग तोंड उघडून उभा होता. अगं, गंमत केली, दुपार आहे, हे शब्द त्याच्या दाताशी आले होते. पण ते बोलले की यंत्र पुन्हा त्याच्या विरुद्ध जाणार होतं. आणि ही पाठ पुन्हा भिंतीला टेकून ताठ होणार होती. त्याच्या आख्ख्या आयुष्यात त्याच्या एका शब्दावर कोणी अंग टाकलं होतं तर ते आत्ता.

"झोपा तुमीबी," ती म्हणाली. "अन् कंदील बारीक करा जी. कायले घासलेट जाऊ देता?"

कंदील खुंटीला टांगलेला होता, थंडगार, न लावलेला. भावसिंग त्याच्यापाशी गेला आणि त्यानं त्याची चावी हळूहळू फिरवली. ती किरकिरली, तशी भुरीबाई समाधानानं कुशीवर वळली. मग त्यानं दार आवाज न करता लोटून घेतलं, आणि बाहेर कोणी दुपारचं काही बोललं तर काय करायचं याचा विचार करत तिच्या शेजारी आडवा झाला.